शटर वर कर, विष्णू

तुझ्या तेरवीला ठेवायच्या फोटोची फ्रेम मी त्याच दिवशी सकाळी दुकानात स्प्रे मारून काळी केली आणि ओलीच तुझ्या घरी घेऊन गेलो.

फ्रेम जुनी होती, कोपरे उडालेले होते. अशा फ्रेममध्ये तुला बसवला असता तर तू वरून शिव्या दिल्या असत्या. म्हणून म्हटलं, एक हात मारू. मारला. दोन बोटांनी धरून, वाटेत फुंकर घालत, स्कुटीवरून तुझ्या घरापर्यंत आणली. पाटावर ठेवली, हार घातला. हार लगेच चिकटला. आणि बघता बघता तुझ्या बैठकीत तो वास पसरला. थिनरचा. तुझ्या सासऱ्यांनी नाकाला उपरणं लावलं, गुरुजी मंत्र म्हणता म्हणता शिंकले, आणि मंगलावहिनी आतून ताट घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. बाकीच्यांना तो नुसता वास होता. वहिनींनी तो वर्षानुवर्षं तुझ्या शर्टातून धुवून काढलेला. त्यांनी ताट खाली ठेवलं, पदरानं फ्रेम उचलली आणि बाहेर अंगणातल्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

म्हणजे तुझी तेरवी आत, आणि तू बाहेर. हार घालून, उन्हात, एकटाच खुर्चीवर. उशिरा आलेला जो तो आधी तुला नमस्कार करायचा आणि मग मला विचारायचा, “हे असे बाहेर काऊन?”

मी सांगत होतो, “वाळून राह्यले.”

तू असतास तर पोट धरून हसला असतास. मग त्या हसण्याचा खोकला झाला असता. मग मी खाली बघितलं असतं आणि तू भिंतीला हात लावून उभा राहिला असतास. अलीकडे आपलं हसणं असंच संपायचं. तू हसायला लागलास की मला धडकी भरायची, आणि विनोद करायची खोड तर माझीच.

जन्मभर तुझ्याशी तोंडी भांडलो, लेका. आता लेखी भांडतो. यात एक सोय आहे, मध्ये “गप बे दिग्या” म्हणणारं कोणी नाही. आणि तेवढीच एक अडचण आहे.

धाड रोडला आपलं दुकान. मी डेंटर, तू पेंटर. ठोकलेली गाडी आधी माझ्याकडं यायची, मी पत्रा ठोकून सरळ करायचो, मग ती तुझ्याकडं जायची. निदान गिऱ्हाईकाला आपण असंच सांगायचो. खरं काय ते आता सांगायला हरकत नाही. माझं अर्धं काम तू केलंस. मी हातोडी मारून मारून कंटाळायचो, “झालं बाप्पा” म्हणून बिडी शिलगवायला बाहेर पडायचो, आणि तू त्या पत्र्यावरून तळहात फिरवायचास. कुठं खळगा राहिलाय ते तुझ्या हाताला कळायचं. तू माझ्याकडं बघायचास. मी रोडकडं बघायचो. मग तू गुपचूप पुटी कालवायचास आणि माझा खळगा भरून काढायचास. आज या जिल्ह्यात किती जीपांच्या दारांत माझा आळस तुझ्या पुटीखाली झाकलेला फिरतोय, देव जाणे. एकाही मालकाला तू कधी सांगितलं नाहीस. मी मात्र रंगाला जरा ओघळ आला की भर दुकानात ओरडायचो, “पेंटर साहेब, गाडी रडून राह्यली तुमची!”

तसा ओघळ तुझ्या हातून क्वचितच यायचा. आणि कणही बसू द्यायचा नाहीस. तोच तर सगळा घोळ झाला.

रोडची धूळ काही थांबत नाही. ओल्या रंगावर एक कण बसला तरी तुझं जेवण कडू व्हायचं. म्हणून रंगाची गन हातात घेतली की तू शटर खाली ओढायचास. तरी मागच्या खिडकीतून शेतातली माती यायची, चिलटं यायची, ताज्या बॉनेटवर चिकटून मरायची. एक दिवस तू वैतागून म्हणालास, “दिग्या, ते खिडकी बुजव रे बाप्पा.”

मी बुजवली. जाड पत्रा मापानं कापला, चारी बाजूंनी रिबीट मारले, कडांना पुटी भरली, आणि छाती फुगवून म्हणालो, “मुंगी शिरली तर नाव बदलजो.”

मुंगी शिरली नाही. हवाही शिरली नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात एकदाच केलं, आणि त्याच्यामागून तुला हात फिरवावा लागला नाही.

तोंडाला ओला रुमाल, आणि काम संपलं की गुळाचा खडा आणि एक केळ. ही आपली औषधं. गुळानं छाती साफ होते हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. कोणी सांगितलं हे कोणालाच ठाऊक नाही. गूळ जातो पोटात, वास जातो छातीत, त्या दोघांची वाटेत गाठ कुठं पडते हे आपण कधी विचारलं नाही. मी तर रंग मारत नसूनही दोन खडे खायचो. मी म्हणायचो, “मीही त्याच खोलीत असतो ना बे.” हे वाक्य मी गुळासाठी बोललो होतो. पुढं ते दुसऱ्याच कोणाच्या तोंडून परत ऐकलं.

मग तुझा खोकला सुरू झाला. दुकानात कमी, घरी गेल्यावर जास्त. वहिनी सांगायच्या, उशीला टेकून बसून झोपतात. छातीतून शिट्टी वाजते. आणि गंमत अशी, की सासुरवाडीला साखरखेर्ड्याला गेलास की तू ठणठणीत! पहिल्या दिवशी थोडं खोकायचास, दुसऱ्या दिवशी आडवा होऊन घोरायचास, लग्नकार्य आटपून परत यायचास तो गालावर तुकतुकी घेऊन. दुकानात आलास की दोन दिवसांत पुन्हा शिट्टी.

या कोड्यावर मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काय होतं ते तुला माहीत आहेच. मी निकाल दिला, “पाण्याचा फरक हाय. तुले साखरखेर्ड्याचं पाणी मानवते. आन् ह्या बुलढाण्याची थंडी तुह्या छातीत बसली.”

निकाल देऊन थांबलो असतो तर तो मी कसला. एका तिथल्या लग्नाहून येताना मी तुझ्या सासऱ्यांच्या विहिरीचं पाणी कॅन भरून आणलं. एसटीत कॅन मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय? डिझेल?”

“पाणी.”

“बुलढाण्यात पाणी नाई का?”

“हे औषधी हाय.”

कॅनचं बूच ढिलं होतं. चिखलीपर्यंत माझी पँट औषधी झाली. उरलं ते तुला तांब्या तांब्यानं पाजलं, त्याच बंद खोलीत बसून, तुझ्या हातात गन असताना. खोकला जाईना तेव्हा मी म्हणालो, “पाणी शिळं झालं.” आणि तू, विष्ण्या, तू मान डोलावलीस! ही चूक एकट्या माझ्या नावावर टाकू नकोस. कॅन माझा, पण मान तुझी.

छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं शेवटी वहिनींनी ओढत नेलं. तू, त्या आणि तुमच्यामागं न विचारता मी. बाईंनी तुला नळीत फुंकायला लावलं. तुझी फुंकर बघून मी हसणार होतो, हसलो नाही. मग त्यांनी विचारलं, “कधी बरं वाटतं?”

तुझ्याऐवजी मीच बोललो, “साखरखेर्ड्याले बरं वाटते त्याले.”

“तिथं काय करतात हे?”

“काई नाई. जावई हाय तिथचा.”

“म्हणजे रंग मारत नाहीत.”

आपण तिघंही बाईंकडं बघत राहिलो. अशी शांतता मी नंतर एकदाच ऐकली. ती पुढं येईल.

बाईंनी समजावलं. हल्लीच्या या चकाकणाऱ्या रंगात तो दुसऱ्या छोट्या डब्यातला हार्डनर मिसळतात ना, त्याची वाफ. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एखाद्याचं अंग एक दिवस तिच्यावर उलटतं. एकदा उलटलं की मग थोडंही पुरतं. जुन्या रंगाच्या थिनरनं डोकं दुखतं, मळमळतं, नाकाचा वास जातो, पण हे त्याच्याही पुढचं. “काम कमी करा असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “सोडा म्हणते.”

मी विचारलं, “मास्क घातला तर?”

“तोंडाला रुमाल बांधता तो धूळ अडवतो, वाफ नाही. चांगले मास्क असतात, बाहेरची हवा नळीनं आत घेणारे. ते आधीपासून हवे होते. आता यांच्यासाठी मी त्याचीही हमी देणार नाही.” मग त्यांची मान माझ्याकडं वळली. “तुम्हीपण त्याच खोलीत असता?”

“मी डेंटर हाय मॅडम.”

“डेंटर श्वास घेत नाहीत का?”

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. तूही हसलास, आणि खोकलास, आणि मी बाकड्यावर सरकून बसलो.

परत येताना रस्त्यात आपलं भांडण सुरू झालं, ते आजतागायत संपलेलं नाही. मी म्हणालो, सोड. तू म्हणालास, “सोडून काय करू बे? भजे तळू?”

“तळ. मी खातो.”

“माह्या हाताले एकच काम येते.”

“मले तर तेही येत नाई. मी जगून राह्यलो ना?”

वहिनी मध्ये उभ्या राहिल्या. “तुमचं काय ते तुम्ही पाह्यजा,” त्या तुला म्हणाल्या. “मले फक्त सांगा, गनीले हात लावान का नाही?”

तू म्हणालास, “नाही लावत.”

मी साक्षीदार होतो. दुकानात आल्याबरोबर छिन्नी घेऊन मी त्या खिडकीकडं गेलो, म्हटलं आधी हा पत्रा उचकटतो. तू खिडकीसमोर स्टूल टाकून बसलास. “उभ्या गाडीले प्रायमर मारलेला हाय. धूळ येईन.”

“तू रंग माराचा नाहीस ना आता? मग धूळ आली काय आन् नाही आली काय!”

“हे एक गाडी होऊ दे.”

तिथंच मला कळायला हवं होतं. आधी पत्रा लावताना मी हुशार, आता काढताना तू हुशार. आणि स्टुलावर बसून तू असा दम घेत होतास की तुला ढकलायची माझी छाती झाली नाही. मी छिन्नी ठेवून दिली.

आता ती गोष्ट, जी तुला अर्धीच ठाऊक आहे.

ती एक गाडी म्हणजे धाडच्या शेषरावांची काळीपिवळी जीप. तू शटर ओढायच्या आधी, तू चहाला गेला होतास तेव्हा, मी हार्डनरचा डबा मोरीत रिकामा केला आणि त्यात थिनर भरून ठेवलं. बाईंनी सांगितलं होतं, हार्डनर वाईट. मग हार्डनरच नको. इतकं सोपं. तुझं नाक कधीच गेलेलं, तुला कळणार नव्हतं. तू डब्यातून मापानं ओतलंस, कालवलंस, शटर ओढलंस, जीप मारलीस. सुरेख मारलीस. दुसऱ्या दिवशी शेषराव हार घालून, नारळ फोडून जीप घेऊन गेले. मी मनात म्हटलं, दिगंबरा, आयुष्यात एक तरी काम डोकं लावून केलंस.

हार्डनर नसला तर रंग वरून वाळल्यासारखा दिसतो, आतून कधीच वाळत नाही, हे मला माहीत नव्हतं. पेंटरच्या शेजारी जन्म काढून माहीत नव्हतं.

उन्हं वर आली आणि शेषराव परत आले. जीपला झेंडूच्या पाकळ्या, सोयाबीनचं भूस, बकरीचे केस आणि बाजाराची सगळी माती. दाराला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ तेवढी पिवळी झाली होती आणि तो सोबतच आला होता, पाठ दाखवायला.

शेषराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, “पेंटर, जीप हाय का गुळाची भेली?”

सगळा रोड हसला. तू हसला नाहीस. बोटानं रंग दाबलास, बोट उचललंस, तार आली. मग तू हार्डनरचा डबा उघडलास, हलवलास, बोटावर थेंब घेतलास.

“याच्यात थिनर कोणं टाकलं?”

“मी.”

“काऊन?”

विष्णू, या ‘काऊन’ला माझ्याकडं उत्तर होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण समोर शेषराव, तो पिवळ्या पाठीचा म्हातारा, अर्धा रोड. मी म्हणालो, “चुकीनं.”

आणि तू लगेच विश्वास ठेवलास! माझी चुकांची ख्याती एवढी मोठी, की जे एक काम मी मुद्दाम केलं तेही तू चुकांतच जमा केलंस. “तुले रंगातलं काय समजते बे?” म्हणालास आणि खरवडायला बसलास. ती चिकट जीप पूर्ण घासली, धुतली, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. या वेळी नवा डबा, आणि तो तू मांडीजवळ घेऊन बसलास. मी शटरबाहेर. ज्या वाफेपासून तुला वाचवायला गेलो ती तुला दुप्पट घ्यायला लावली. रंग मारून झाला त्याच संध्याकाळी तुला दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तोंडावर ती नळी असतानाही तू मला बोटानं जवळ बोलावलंस. मला वाटलं, काही अखेरचं सांगतोय. मी कान नेला.

“जीप... वाळली?”

“वाळली,” मी म्हणालो. “कडक वाळली.”

तू डोळे मिटलेस, समाधानानं. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि कोणी पाहत नाही असं बघून रडलो. पाहत होत्या. वहिनी वरच्या पायरीवर उभ्या होत्या. “जीप चुकीनं नाही झाली ना, भाऊजी?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “मग त्याईले सांगत काऊन नाही?”

सांगतो म्हणालो. नाही सांगितलं. आज सांगतो. चुकून नव्हतं रे. मला भीती वाटत होती. मी बाहेर असताना तू शटर ओढलंस, तर मी बिडी पीत नसायचो, विष्ण्या. पत्र्याला कान लावून तुझा खोकला मोजत असायचो. भीती वाटते असं डेंटरनं पेंटरला सांगायची आपल्यात रीत नव्हती, म्हणून मी डब्यात थिनर ओतलं.

दवाखान्यातून आल्यावर तू खरंच थांबलास. बरेच दिवस. दुकानाबाहेरच्या कठड्यावर बसायचास आणि गिऱ्हाईकांना दुसऱ्या पेंटरचा पत्ता सांगायचास. तुझा चेहरा सुधारला. मी हळूहळू पुन्हा विनोद करायला लागलो. मग ते पिकअप आलं. दुसऱ्या गावचा मालक, त्याला तुझ्याच हातचा रंग हवा. तू म्हणालास, “मी फक्त रंगाची शेड काढून देतो. माराले दुसरा बोलावू.” मी म्हणालो ठीक. प्रायमरही बाहेरच्या पोरानं मारला. माझंही लक्ष होतं, निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी मला धाडला एका पडलेल्या जीपचं दार आणायला जायचं होतं. तू म्हणालास, “आज बाजार हाय तिथं. भरताचे वांगे आणजो, चांगले पाहून.” मी चांगले पाहत बसलो. तू मला मुद्दाम पाठवलंस का रे? का तुला खरंच भरीत खायचं होतं? हे भांडण मी रोज एकटाच भांडतो, दोन्ही बाजूंनी.

जीपमधून उतरलो, एका हातात दार, दुसऱ्या हातात वांग्यांची थैली. दुकानाचं शटर खाली. आणि आतून कंप्रेसरचा आवाज.

मी रोडवरूनच ओरडलो, “विष्ण्या! शटर वर कर!”

तुला माहीत आहे, मलाही. टाकी भरली की कंप्रेसर आपोआप बंद पडतो, आणि गन चालली की पुन्हा धडधडतो. मी शटरपाशी पोचलो तेव्हा तो बंद पडला. मी थांबलो. म्हटलं, आता सुरू होईल. आता गन उचलशील. मी थांबलो, आणि तो सुरू झाला नाही.

ती दुसरी शांतता.

आतून कडी होती. पहारीनं कडी तोडली. तू पिकअपच्या चाकाला टेकून बसलेला, रुमाल गळ्यात ओढलेला, गन व्यवस्थित हुकाला टांगलेली. श्वास होता, पण तो आत जायला वाटच नव्हती. दवाखान्यातून दिलेला औषधाचा पंप तुझ्या खिशात होता. तो मी तुझ्या तोंडाशी दाबला, पुन्हा दाबला, तुझे ओठ त्याला धरेनात. शेजारच्या पंक्चरवाल्यानं आणि मी तुला ऑटोत घातलं. तू माझा शर्ट मुठीत धरला होतास. दवाखान्याच्या फाटकाशी ती मूठ सुटली.

बॉनेट पूर्ण झालं होतं. त्यावर एक कण नव्हता.

दुकानात परत आलो तेव्हा छिन्नी घेतली आणि तो खिडकीचा पत्रा उचकटून शेतात फेकून दिला. तासभर लागला. चांगलं काम निघतही नाही लवकर.

आणि आता ऐक, मी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी काय केलं.

पिकअपवाला आला. बिचारा भला माणूस. म्हणाला, “राहू द्या दिगंबरभाऊ, मी गाडी दुसरीकडं नेतो.” मी म्हणालो, “विष्णूचं शेवटचं काम हाय. दुसऱ्याचा हात लागणार नाही. मीच पुरं करतो.” असं बोलताना मला माझाच फार अभिमान वाटला.  तो गेल्यावर मी तुझी गन हुकावरून काढली, उरलेला रंग कालवला, हार्डनर बरोब्बर मापानं घातला. सोयाबीनची काढणी चाललेली, उघड्या खिडकीतून भूस येत होतं. तुझं बॉनेट खराब होईल म्हणून मी खिडकीवर ओलं पोतं टांगलं. मग रोडची धूळ दिसली. मग मी शटर खाली ओढलं.

हे सगळं करताना मला काही वावगं वाटलं नाही. तुझ्यासाठी करतोय, एवढंच डोक्यात होतं. आत अंधारल्यासारखं झालं, बल्ब लावला, रुमाल बांधला, कंप्रेसर सुरू केला. एका दारावर हात फिरवला. गोड, तिखट, डोक्यात चढणारा वास. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी म्हटलं आठवण. छाती जड झाली, मी म्हटलं दुःख. टाकी भरली, कंप्रेसर थांबला. मी खोकत होतो म्हणून गन उचलायला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात शटरवर धडाधड हात पडायला लागले. दोन्ही हात, उघडे तळवे.

“कोण हाय आत? उघडा! उघडा म्हणते ना!”

मी शटर वर केलं. मंगलावहिनी. तुमचं घर मागच्याच गल्लीत, कंप्रेसरचा आवाज तिथवर जातो हे माझ्या ध्यानात नव्हतं. पायात चप्पल नाही, पदराचं भान नाही, चेहरा असा की मी दोन पावलं मागं सरलो. त्यांनी आवाज ऐकला होता. मग आवाज थांबलेलाही ऐकला होता.

त्यांनी आधी माझ्याकडं नाही, चाकापाशी बघितलं. तिथं कोणी नव्हतं. मग त्या आत आल्या आणि कंप्रेसरचं बटण स्वतः बंद केलं.

“काय करून राह्यले हे?”

“वहिनी, विष्णूचं शेवटचं काम होतं. म्हटलं त्याची इच्छा...”

“त्याईनं सांगतलं तुम्हाले?”

“सांगतलं नाही, पण...” आणि मला खोकला आला. चांगला लांब. रुमालातून, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून. छातीत बारीकशी शिट्टी वाजली. मी ती ओळखली. त्यांनीही ओळखली.

माझा खोकला संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. हात धरला नाही, पाणी दिलं नाही. खिडकीवरचं पोतं ओढून खाली टाकलं. मग मी मारलेल्या दाराजवळ गेल्या, त्यावरून खालपर्यंत आलेले ओघळ नीट पाहिले, आणि वळून म्हणाल्या,

“एक तं रंग माराले येत नाही. आन् तेरवीच्या सैपाकाचे गंज-पातेले मी आज सकाळीच घासून पालथे घातले, भाऊजी. तुमच्यासाठी पुन्हा चुलीवर चढवाले लावू नका.”